'वॉनाबी'नंतरचं गाणं: स्पाइस गर्ल्सची 'से यू'ल बी देअर' सीडी सिंगल

माझा मावसभाऊ लीड्सला असतो, त्याला मी किती दिवस सांगून ठेवलेलं की तिकडच्या चॅरिटी शॉपमध्ये जुन्या सीड्यांची खोकी असतात त्यात स्पाइस गर्ल्सची (नव्वदच्या दशकातला इंग्लंडच्या पाच मुलींचा पॉप ग्रुप) 'से यू'ल बी देअर'ची सीडी सिंगल दिसली तर माझ्यासाठी घेऊन ठेव, आणि या दिवाळीला तो आला तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीतून ती निघाली! कव्हरच्या कडा जरा पांढऱ्या पडल्यात, मागे किमतीच्या स्टिकरचा चिकटपणा अजून हाताला लागतो, पण सीडी एकदम स्वच्छ, एक ओरखडा नाही. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की लावतेय. आणि इतक्यांदा ऐकून माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांनी इथूनच गाणं लावलं तरी चालेल. स्पाइस गर्ल्स जगाला माहीत झाल्या 'वॉनाबी' या पहिल्या गाण्यामुळे, पण त्या टिकल्या या गाण्यामुळे, आणि दोन्हीत चांगलं गाणं हेच आहे.

आपल्याकडे सिंगल, म्हणजे एकच मुख्य गाणं वेगळं विकायला काढणं, हा प्रकार कधी नव्हताच ना, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. आपण अख्ख्या अल्बमची कॅसेट घ्यायचो. १९९७ मध्ये घरी त्यांच्या पहिल्या अल्बमची, 'स्पाइस'ची कॅसेट आली तेव्हा मी आणि माझी चुलतबहीण 'वॉनाबी' संपलं की रिवाइंड करायचो, पण ते गाणं तीन मिनिटांचंसुद्धा नाही आणि रिवाइंडचं बटण दाबायला उशीर झाला की ए साइडचं दुसरं गाणं सुरू व्हायचं, ते हेच. असं चुकून ऐकत ऐकत ते कधी आवडायला लागलं कळलंच नाही, आणि मग एक दिवस ताई म्हणाली राहू दे गं, हे होऊ दे. म्हणजे आमच्यासाठी ते 'दुसरं गाणं' होतं फक्त कॅसेटवरच्या नंबराने. इंग्लंडमध्ये मात्र दुसरं गाणं ही वेगळीच परीक्षा असते. तिथे तेव्हा दर सोमवारी नव्या सिंगल दुकानात यायच्या, आठवडाभर लोक विकत घ्यायचे आणि रविवारी रेडिओवर चार्ट जाहीर व्हायचा, की या आठवड्यात कोण पहिलं. सगळा निकाल सात दिवसांत.

आता १९९६ चा जुलै आठवा. 'वॉनाबी' आलं, पहिल्या आठवड्यात तिसऱ्या नंबरवर, मग वर चढून सात आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं असं काही. तेव्हा ब्रिटनमध्ये एकीकडे ओअॅसिस, ब्लरसारखे गिटारवाले बँड आणि दुसरीकडे पोरांचे बॉय बँड, टेक दॅट त्याच वर्षी फेब्रुवारीत फुटलेला, आणि त्यात या पाच मुली, मेल बी, मेल सी, जेरी, एमा आणि व्हिक्टोरिया, ओरडत, उड्या मारत, एकमेकींच्या ओळी तोडत आल्या. पण अशा गाण्याचा एक धोका असतो, लोक ते गाणं लक्षात ठेवतात आणि गाणारे विसरतात. 'वॉनाबी' ऐकून कोणाला खात्रीने सांगता आलं नसतं की या मुलींना गाता येतं. धमाल येते, हो, पण त्यात सूर धरून ठेवायची जागाच फार नाही. आणि व्हिक्टोरियाला तर त्यात स्वतःची एकटीची ओळसुद्धा नाही, कारण ते रेकॉर्ड झालं तेव्हा ती एका लग्नाला गेली होती. म्हणून दुसऱ्या गाण्याला एकच काम होतं, या पाच जणी गायिका आहेत हे दाखवायचं. सोपी वाट कोणती होती? तसंच अजून एक. तेच ओरडणं, तोच वेग, नवे विचित्र शब्द. कितीतरी ग्रुप तिथेच संपतात. यांनी ते केलं नाही. यांनी वेग कमी केला.

हे गाणं 'वॉनाबी'च्या यशानंतर घाईत लिहिलेलं नाही हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलेलं. ते आधीचंच आहे. १९९५ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या मॅनेजरना सोडलं तेव्हा हातात करार नाही, पैसे नाहीत, अशा वेळी मेल बी आणि जेरी गाडी काढून शेफील्डला गेल्या, एलियट केनेडी नावाच्या गीतकार-निर्मात्याला शोधत. त्याने त्याआधी टेक दॅटबरोबर काम केलं होतं. त्याचा पत्ताही त्यांच्याकडे नव्हता आणि फोन बुकातून त्यांनी तो शोधून काढला असं सांगतात. मग पाचही जणी तिकडे जाऊन त्याच्यासोबत लिहायला बसल्या आणि त्यातून हे गाणं आलं. म्हणून 'से यू'ल बी देअर' ऐकताना मला नेहमी वाटतं की हे यश मिळालेल्या मुलींचं गाणं नाहीये, हे सगळं सोडून बाहेर पडलेल्या, पुढे काय होणार माहीत नसलेल्या मुलींचं गाणं आहे. कोणीतरी सोबत असेल ना, एवढंच विचारणारं. पुढे व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं तेव्हा तिथल्या काही लोकांना पहिलं गाणं म्हणून हेच आणायचं होतं, 'वॉनाबी' नको होतं. मुलींनी हट्ट धरला की नाही, आधी 'वॉनाबी'च. आणि मला वाटतं दोन्ही बाजू बरोबर होत्या, कारण दार वाजवायला तेच गाणं पाहिजे होतं पण घरात येऊन बसायला हे.

आता गाण्याकडे. हे अॅब्सोल्यूट नावाच्या जोडीने बनवलंय, पॉल विल्सन आणि अँडी वॉटकिन्स. सुरुवातीलाच एक उंच, बारीक, वळणावळणाने जाणारा सिंथेसायझरचा सूर येतो, जसा त्या काळात कॅलिफोर्नियाच्या हिपहॉपमध्ये, डॉक्टर ड्रेच्या गाण्यांत ऐकू यायचा तसा. इंग्लंडच्या पाच मुली आणि मागे लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचा तो सूर, कागदावर हे जुळायलाच नको. पण खाली बेस इतका गोल आणि भरलेला आहे आणि ड्रम इतका आरामात चालतो की सगळं एका झोक्यात बसतं. मी हे फोनच्या स्पीकरवर खूप वर्षं ऐकलं आणि खरं सांगते, अर्धं गाणं ऐकूच येत नव्हतं. सीडी जुन्या म्युझिक सिस्टीमवर लावली तेव्हा बेस पायाखालून आल्यासारखा वाटला. ज्यांच्याकडे अजून माळ्यावर जुनी सिस्टीम पडली असेल त्यांनी ती काढाच.

पहिल्या कडव्यात प्रत्येकीला थोडं थोडं वाटून दिलंय. एमाचा मऊ आवाज गाणं उघडतो, मग मेल बीचा खरखरीत, त्यात ठसका असलेला आवाज येतो, आणि 'वॉनाबी'त गप्प राहिलेल्या व्हिक्टोरियालाही इथे स्वतःची ओळ आहे. 'वॉनाबी'त त्या एकमेकींवर चढाओढ करत होत्या, इथे एक जण बोलते आणि बाकीच्या थांबतात. एखाद्या मैत्रिणीच्या खोलीत पाच जणी बसल्यात आणि एकीच्या आयुष्यात काय चाललंय त्यावर बोलताहेत असं वाटतं मला दर वेळी. मग कोरस येतो आणि पाचही आवाज एकत्र होतात, आणि त्या थरावर मेल सीचा आवाज वर जातो. बाई गं, तो आवाज! बाकी चौघींबद्दल काय वाद घालायचा तो घाला, मेल सी खरी गायिका आहे, आणि ते जगाला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते या गाण्याच्या शेवटच्या भागात, जिथे बाकीच्या कोरस धरून ठेवतात आणि ती त्यावर मोकळी फिरते. आपल्याकडे कसं, साथीदार मुखडा धरून ठेवतात आणि गाणारा वर जागा घेत राहतो, तसं.

आणि माउथ ऑर्गन! आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की डोळ्यांसमोर 'शोले'तला जय येतो, संध्याकाळ, एकटेपणा, ती हुरहुर. इथे मात्र गाण्याच्या मधोमध तो येतो आणि एकदम नाचायला लागतो. तो वाजवलाय जड लँडरने, लिव्हरपूलचा माणूस, आणि कल्चर क्लबच्या 'कर्मा कमिलिअन'मध्ये जो माउथ ऑर्गन आहे तोही याचाच. १९८३ मध्ये एका पिढीच्या पॉप गाण्यात आणि १९९६ मध्ये पुढच्या पिढीच्या. १९९६ मध्ये सगळे यंत्रांवर गाणी बनवत होते, सँपल, लूप, कॉम्प्युटर, आणि यांनी मध्येच एका माणसाचा श्वास घातला. मला वाटतं गाणं अजून जुनं झालं नाही ते यामुळे. तो तुकडा काढून टाकला तर हे त्या वर्षीचं एक छान आर अँड बी गाणं राहील, बस.

शब्दांबद्दल बोलायलाच हवं कारण लोक स्पाइस गर्ल्सच्या शब्दांकडे लक्षच देत नाहीत. गोष्ट साधी आहे. मित्र आहे, चांगली मैत्री आहे, हा विषय आधी एकदा बोलून झालाय, आणि आता तो परत येऊन म्हणतो की मी प्रेमात पडलोय. आता इथे नेहमीच्या गाण्यात काय होतं, मुलगी लाजते किंवा रडते नाहीतर नाही म्हणते. ही यातलं काहीच करत नाही. ती म्हणते जरा दमाने घे, इतकं सगळं एकदम माझ्यावर टाकू नको. प्रेम आहे असं बोलून दाखवायची गरज नाही, ते न बोललेलंच बरं. मी माझ्याकडचं सगळं देते, तू फक्त एवढं सांग की तू असशील. शपथा नकोत, चंद्र-तारे नकोत, असशील का तेवढं सांग. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन आणि इंग्रजी गाण्यातलं अर्ध कळायचं नाही, पण आज वयाच्या चाळिशीत ते ऐकताना वाटतं की आपल्या आयुष्यात जी माणसं राहिली ती हीच, ज्यांनी कधी मोठं काही बोलून दाखवलं नाही पण दवाखान्याच्या बाकावर रात्रभर शेजारी बसून राहिली. इतकी मोठी गोष्ट इतक्या हलक्या चालीत सांगता येणं ही सोपी गोष्ट नाही, आणि मला राग येतो जेव्हा कोणी याला बच्चे कंपनीचं गाणं म्हणतं.

व्हिडिओ मी चॅनल व्हीवर पाहिलेला आणि तो डोक्यात जसाच्या तसा बसलाय. वॉन आर्नेल दिग्दर्शक, शूटिंग कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात. पाचही जणींना जुन्या अॅक्शन सिनेमासारखी खोटी नावं दिलीत, मेल सी झाली कॅटरिना हायकिक, जेरी झाली ट्रिक्सी फायरक्रॅकर, एमा कुंग फू कँडी, अशी. कडक ऊन, काळे चकचकीत कपडे, मारामाऱ्या, लाथा आणि एका पुरुषाला पकडून बांधून ठेवलंय. गाणं इतकं हळवं आणि चित्र इतकं दणकट, सुरुवातीला हे जुळत नाही असं वाटायचं. आता वाटतं बरोबरच केलं. 'तू असशील ना' असं विचारणारी मुलगी कमकुवत असते असं थोडीच आहे, ती लाथ पण मारू शकते आणि विचारू पण शकते. १९९७ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत, या व्हिडिओला सर्वोत्तम ब्रिटिश व्हिडिओचं बक्षीस मिळालं, आणि त्याच रात्री 'वॉनाबी'ला सर्वोत्तम सिंगलचं. आणि एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडची फुटबॉल टीम जॉर्जियात तिबिलिसीला मॅचसाठी गेली होती, हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर हा व्हिडिओ लागला आणि डेव्हिड बेकहॅमने सोबतच्या गॅरी नेव्हिलला व्हिक्टोरियाकडे बोट दाखवून सांगितलं की मी हिच्याशीच लग्न करणार. १९९९ च्या जुलैमध्ये केलंही. एका पॉप व्हिडिओमुळे दोन माणसांचा संसार सुरू झाला, आणि गाणं कोणतं, तर तू माझ्यासोबत असशील ना विचारणारं. मला हे फार आवडतं.

सीडीवर बाकी काय आहे तेही सांगते कारण रिव्ह्यू सीडीचा आहे. बी-साइड म्हणून, म्हणजे मुख्य गाण्यासोबतचं जोडीचं गाणं म्हणून, 'टेक मी होम' आहे, जे 'स्पाइस' अल्बमवर नाही, म्हणजे आपल्या कॅसेटवर हे कधीच नव्हतं आणि मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं. संथ आहे, रात्री उशिरा ऐकायचं गाणं, आणि यात त्या पाच जणी अशा काही सुरात आहेत ज्या सुरात नंतर फार दिसल्या नाहीत. अजून अशी गाणी त्यांनी करायला हवी होती. मग मागे रिमिक्स, त्यात एक न्यूयॉर्कच्या क्लबमधला डीजे ज्युनिअर वास्केझ याने केलेला आहे. हा रिमिक्स मला नाही झेपला. त्याने क्लबमध्ये नाचायला म्हणून केलाय हे कळतं, पण मूळ गाण्याचा जीव म्हणजे पाच आवाजांमधलं ते बोलणं, ते काढून घेतल्यावर उरतो तो नुसता ठोका. दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा पुढे ढकलला.

मूळ गाण्यातही मला एक गोष्ट खटकते आणि ती लपवणार नाही. मध्ये जो बोलत बोलत रॅपसारखा तुकडा आहे तो 'वॉनाबी'ची आठवण राहावी म्हणून ठेवलाय असं वाटतं. मेल बी तो मनापासून म्हणते, तिचा काही दोष नाही, पण गाणं तेवढ्यापुरतं थांबल्यासारखं होतं. नशीब की लगेच माउथ ऑर्गन आणि मेल सी येऊन गाणं परत उचलतात.

बाजारात काय झालं ते थोडक्यात. १४ ऑक्टोबर १९९६ ला, सोमवारी, सिंगल आली. पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांच्या आसपास विकली गेली आणि 'वॉनाबी'सारखं चढत जावं लागलं नाही, थेट पहिल्या नंबरवर. आणि खाली कोणाला ढकललं तर बॉयझोनला, म्हणजे पोरांच्या बॉय बँडलाच! दोन आठवडे वर राहिलं. सात आठवड्यांपुढे दोन आठवडे म्हणजे कमी असं कोणी म्हणेल, पण माझं म्हणणं वेगळं आहे, 'वॉनाबी' लोकांनी ऐकून मग घेतलं आणि हे घ्यायला लोक पहिल्या दिवशीच दुकानात गेले. त्या पाच जणी आता कोणाच्या तरी झाल्या होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अल्बम आला, ख्रिसमसला 'टू बिकम वन' पहिलं, आणि अशा सलग सहा सिंगल पहिल्या नंबरवर, १९९८ मध्ये 'स्टॉप' दुसऱ्या नंबरवर अडकेपर्यंत. अमेरिकेतही हे गाणं तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

नंतर आलेल्या ग्रुपकडे बघितलं की या दुसऱ्या पावलाची किंमत कळते. गर्ल्स अलाउडचं पहिलं गाणं २००२ च्या ख्रिसमसला नंबर वन, दुसरं दुसऱ्या नंबरवर, पण त्यांना सांभाळून घेणारे गीतकार होते म्हणून पुढे निभावलं. शुगाबेब्जचं पहिलं गाणं 'ओव्हरलोड' किती वेगळं होतं, आणि दुसरी सिंगल पहिल्या दहातसुद्धा पोचली नाही. आपल्याकडे २००२ मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स'मधून निवडलेला 'व्हिवा' आठवतो का, पाच मुली, पहिलं गाणं घराघरात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यावर नाच, आणि मग पाचाच्या चार झाल्या आणि सगळं विरून गेलं. त्या मुलींच्या आवाजात काही कमी नव्हती. त्यांना त्यांचं 'से यू'ल बी देअर' मिळालं नाही असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडच्या मुलींचा ग्रुप चालावा असं मला तेव्हा फार वाटायचं आणि अजूनही वाटतं.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला त्या पाच जणी काळ्या टॅक्सींच्या टपावर उभ्या राहून आल्या तेव्हा मी पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. 'वॉनाबी' झालं, 'स्पाइस अप युअर लाइफ' झालं, संपलं. मी माउथ ऑर्गनची वाट बघत होते. स्टेडियमला ते चाललं नसतं हे मलाही कळतं, ऐंशी हजार लोकांत हे गाणं हरवलं असतं.

तर ज्यांना घ्यायचीय त्यांच्यासाठी, सीडी मिळाली तर 'टेक मी होम'साठी नक्की घ्या, नाही मिळाली तर मूळ गाणं सगळीकडे ऐकता येतं, फक्त फोनच्या स्पीकरवर नको, आणि २०२१ मध्ये अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून जी 'स्पाइस २५' आवृत्ती आली त्यात याचा एक रेडिओ मिक्ससुद्धा आहे, तोही छान आहे. मी परवा ताईला फोन केला, ती आता नागपूरला असते, फोन सिस्टीमच्या स्पीकरजवळ धरला आणि काही न बोलता गाणं लावलं. माउथ ऑर्गन येईपर्यंत ती पण काही बोलली नाही, मग म्हणाली, रिवाइंड नको करू हं.